अक्कांच्या कमरेची किल्ली

कौशल्याअक्कांचं सगळ्या जगाला एकच सांगणं असायचं: वस्तू कुलपात असेल तरच वेळेला सापडते. निपाणी सोडून त्या चिकपेटच्या कानडी बाजारपेठेतल्या नर्सिंग होममध्ये सिस्टर म्हणून लागल्या, त्याला बावीस वर्षं झाली. डॉक्टर आले नि गेले, पण अक्कांना विचारल्याशिवाय कापसाचा बोळासुद्धा जागचा हलला नाही. सत्त्याण्णव साली आगीबिगीच्या वेळेसाठी पट्ट्या, सलाइन भरलेलं वेगळं कपाट आलं. अक्कांनी पहिल्याच दिवशी त्याला भलंथोरलं कुलूप घातलं. किल्ली अर्थातच कमरेला!

पुण्याहून नव्यानं आलेल्या डॉक्टर श्रीरंगांनी सराव ठरवला. "समजा, शेजारच्या कापडाच्या गोदामाला आग लागली. जखमी कोण होणार?"

"मी होते की," अक्का म्हणाल्या. आपण नसलो तर या पोरींचं काय होतं, ते त्यांना एकदा बघायचंच होतं.

मग काय! अक्का स्ट्रेचरवर डोळे मिटून आडव्या झाल्या. गळ्यात चिठ्ठी: 'बेशुद्ध, रक्तस्राव'. शिट्टी वाजली. नर्स पवित्रा कपाटाकडे धावली, नि गेली तशी परत आली.

"अक्का, किल्ली!"

अक्का ढिम्म. बेशुद्ध माणूस कधी बोलतो होय?

"अक्का, स्वल्प डोळे उघडा की!" पवित्रानं कानडी मिसळून विनवलं, थोडे तरी उघडा म्हणून.

किल्ली सगळ्यांना दिसत होती. पण अक्कांच्या कमरेला हात घालायची कुणाची छाती? वॉर्डबॉय महांतेश तर दोन पावलं मागेच सरला. डॉक्टर नुसते घड्याळ बघत राहिले.

अक्कांना आधी हसूच आलं. बघा, माझ्याशिवाय पान हलत नाही! तेवढ्यात पवित्राचा रडवेला आवाज आला, "खरंच आग असती, तर अक्का गेल्या असत्या हो." पडल्यापडल्या अक्कांच्या मनात आलं, अगं बाई, पान हलत नाही म्हणजे हेच की!

संध्याकाळी डॉक्टरांनी वहीत लिहिलं: 'अकरा मिनिटं. रुग्ण दगावला.' कारणाची जागा भिडेखातर कोरी सोडली. वही सहीला आली तेव्हा अक्कांनी चष्मा लावला आणि टपोऱ्या अक्षरात ती जागा भरली: 'किल्ली रुग्णाच्याच कमरेला होती.'

मग त्या उठल्या, कपाटाचं कुलूप काढलं नि किल्लीसकट पवित्राच्या हातात ठेवलं.

"माझ्या नजरेआड कुठंतरी टाकून ये गं," त्या म्हणाल्या. "दिसलं तर मी परत लावीन."