चांगो हमालाची जागा

आमच्या माजी विद्यार्थी मंडळात एक वकील आहे, दोन तलाठी आहेत, पनवेलचा एक गिरणीवाला आहे आणि चिटणीस म्हणून मी आहे. पण मंडळाची खरी हकीकत सांगायची तर ती चांगो हमालापासूनच सांगावी लागते. हे कबूल करायला मला दहा वर्षं लागली, कारण अहवाल मी लिहीत होतो.

आमची शाळा चौक गावाच्या अलीकडे, मारुतीच्या देवळाला लागून. टिपणीस मास्तर एकटेच सगळं शिकवायचे. त्यांच्या वर्गात जागा उत्तरावर मिळायची. प्रश्न वरून खाली फिरायचा आणि ज्याला उत्तर येईल त्याने उठून, न आलेल्या सगळ्यांच्या वर जाऊन बसायचं. पहिल्या नंबरची जागा मास्तरांच्या उजव्या हाताला, भिंतीशी. शेवटची दारात. त्या दारात चांगो चार वर्षं बसला. त्याच्या वर नागू, तोही काही मोठे दिवे लावत नव्हता. दाराचा फायदा एवढाच, की शाळा सुटली की सगळ्यांत आधी चांगो बाहेर. मास्तरांचे शब्द पुरे व्हायच्या आत तो वडाखाली दिसायचा.

एकोणीसशे एकवीस साली आम्ही मंडळ काढलं. दरवर्षी दसऱ्याच्या दिवशी शाळेतच जमायचं, पाटीवर सरस्वती काढून पूजा करायची, मी वर्षभराच्या बातम्या वाचायच्या आणि मग पोहे. मास्तरांनी मात्र एक अट घातली. प्रत्येकाने आपल्या जुन्या नंबरावर बसायचं, आणि ते प्रश्न विचारणार. त्यामुळे पोटं सुटलेले, मिशा राखलेले आम्ही बाप्ये वर्षातून एकदा मांड्या घालून ओळीत बसायचो आणि पाढ्यांच्या भीतीने घाम पुसायचो. पहिल्या जागेवर गजानन वकील. त्याला आम्ही अजून गजाच म्हणतो, आणि त्याला ते फारसं आवडत नाही.

चांगो दारात. तो तोवर कर्जत स्टेशनवर हमाल झाला होता. एकही दसरा त्याने चुकवला नाही. रजा मिळाली नाही तर दुसऱ्या हमालाला आपल्या पाळीवर उभा करून यायचा. त्याला एकच हवं होतं, एकदा तरी वर चढायचं. घरी गेल्यावर त्याची बायको मोतीबाई दरवर्षी विचारायची, “चढलात का?” आणि हा म्हणायचा, “फुडच्या साली.” एका वर्षी डोक्यावर ट्रंका वाहताना त्याने एकोणतिसाचा पाढा पाठ केला. मास्तरांनी नेमकी औटकी विचारली. साडेतीनचा तो पाढा चांगोच्या सात पिढ्यांत कुणाला आला नसेल. आम्ही हसलो, तोही हसला. पण त्याने पोहे अर्धेच खाऊन बशी बाजूला ठेवली हे मी पाहिलं होतं, आणि पाहून सोडून दिलं होतं.

एकतीस सालच्या दसऱ्याला मास्तर काठी टेकत आले. नजर मंदावली होती. मुलगा त्यांना इंदूरला घेऊन जाणार होता आणि ते परत येतील असं कुणालाच वाटत नव्हतं. म्हणजे हे शेवटचं वर्ष. मी दाराकडे पाहिलं. चांगो ओठ हलवत बसला होता. बहुधा औटकी चालली होती.

मी अहवाल वाचला. शेवटी नेहमीचं वाक्य होतं : अकरा जणांचा ठावठिकाणा नाही.

मास्तरांनी हजेरीचं जुनं पुस्तक मांडीवर घेतलं. “या वर्षी एकच प्रश्न,” ते म्हणाले. “पाढे नकोत. माझी ही अकरा मुलं कुठे आहेत?”

प्रश्न वरून खाली निघाला. वकिलाने मान हलवली. तलाठ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. माझ्यापाशी आला तेव्हा मी, बातम्यांचा चिटणीस, जमिनीकडे पाहत बसलो. नागूनेही हात झटकले. प्रश्न दारात पोचला.

“सांगू का, मास्तर?” चांगो म्हणाला.

घाट चढण्यासाठी जादा इंजिन जोडेपर्यंत पुण्याकडची गाडी कर्जतला थांबते. तेवढ्या वेळात चांगो डब्याडब्यातून, खिडकीखिडकीतून फिरतो. आमच्यातला कुणीही घाट चढो वा उतरो, चांगोच्या नजरेतून सुटत नाही. तो बोटांवर मोजू लागला. विठू दौंडला रेल्वेत रूळ बदलणारा सांधेवाला हाय, दोन पोरी झाल्या. अमका खोपोलीला, तमका परळच्या गिरणीत. ठाकूरवाडीचा लडकू, जो दीड वर्षच शाळेत आला होता आणि ज्याचं नाव आम्ही पार विसरलो होतो, तो अजून वर वाडीतच. “गवत कापायला खाली येतो, मास्तर. तुमी शिकवलेली बाराखडी त्यानं पोरीला शिकवली. यंदा तिला शाळंत घातली.”

दहा झाले. मास्तरांनीच हळू विचारलं, “हिरू?”

हिरू जर्मन लढाईच्या वेळी पलटणीबरोबर इराकात, बसऱ्याला गेला होता. तो तिकडेच मेला असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

“हाय, मास्तर. आठ दिस झालं, खिडकीत बसलावता. डावा हात अधू हाय, पण खडकीला नोकरी लागली. माज्याकडनं पानी घेतलं. म्हनला, मास्तरांना नमस्कार सांग.”

मास्तरांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. मला स्वतःची लाज वाटली आणि आनंदही झाला, दोन्ही एकदमच.

“दहा वर्षं बोलला का नाहीस रे?” मी म्हणालो.

“तुमी इचारलं कुठं?”

“चांगो, ऊठ,” मास्तर म्हणाले. “वर ये.”

नियम म्हणजे नियम. चांगो नागूला ओलांडून, मला ओलांडून, तलाठ्यांना ओलांडून भिंतीपर्यंत गेला. गजा वकील सरकला. चांगो मास्तरांच्या उजव्या हाताला जपून बसला.

पण गजा तो गजाच. तो म्हणाला, “मास्तर, आता दुसरा प्रश्न होऊन जाऊ द्या. एखादी औटकी.” चांगोच्या चेहऱ्याचा रंग उतरला. एका औटकीत तो पुन्हा दारात जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यालाही.

 मास्तर काठी टेकत उठले, ओसरीवर घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्यापाशी गेले आणि त्यावर आपल्या हाताने टोले दिले. “शाळा सुटली,” ते म्हणाले. “माझे प्रश्न संपले. नंबर आता हेच राहतील.” आत येऊन त्यांनी हजेरीच्या पुस्तकात चांगोचं नाव सगळ्यांत वर लिहिलं आणि पुस्तक मिटून माझ्या हाती दिलं. ते अजून माझ्याकडे आहे.

आम्ही सगळे उठलो. पोह्यांचा वास सुटला होता. शाळा सुटली की सगळ्यांत आधी पळणारा चांगो मात्र पहिल्या जागेवर मांडी घालून बसूनच राहिला.

“ऊठ की रं, चांगो,” नागू म्हणाला. “पोहे निवतील.”

“उठतो रं,” चांगो म्हणाला. “जरा बसू दे.”