सातव्या पिल्लाचा पत्ता

ते प्रकरण मी विसरलेलो नाही. विसरले ते बाकीचे, म्हणूनच ते इतके घोटीव सांगू शकतात. वृत्तपत्रांनी छापले की पोलिसांच्या धडक कारवाईत एकोणीस कुत्र्यांची सुटका झाली. माझ्या हाताखाली काम केलेला एक अधिकारी नव्या भरतीपुढे तो ‘आदर्श तपास’ म्हणून मांडतो, असे कानावर येते. दुकानदाराचे हितचिंतक अजूनही म्हणतात की एका म्हाताऱ्याने धंद्याच्या असूयेपोटी सगळे घडवून आणले. तिन्ही कथने चुकीची आहेत. तपास माझा होता आणि स्टेशन डायरीतील नोंदींखाली सही माझी आहे. तेव्हा खरे काय ते मीच सांगतो.

मी तेव्हा चंद्रपूर शहरातील एका ठाण्याचा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपत असताना वरोऱ्याचे एक निवृत्त गुरुजी आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत एक वही.

“साहेब, कुत्र्याची तक्रार हाय. पण हसू नका.”

हवालदार हसलाच. मी त्याला बाहेर पाठवले.

गुरुजी लॅब्राडॉर कुत्री पाळत. दोन वर्षांतून एकदा एक वेत, त्याहून अधिक नाही. त्यांच्याकडून पिल्लू न्यायचे तर माणसाला दोनदा यावे लागे, एकदा पिल्लाची आई पाहायला आणि एकदा पिल्लू न्यायला. कोणते पिल्लू कोणत्या घरी गेले हे वहीत लिहिलेले असे, आणि वर्षभर ते त्या घरांना फोन करत. वरोऱ्यातील एका गृहस्थाला तेवढा धीर नव्हता. त्याने चंद्रपुरातील दुकानातून, काचेच्या कपाटातून पिल्लू आणले. ते तीन आठवड्यांत पिसाळून मेले. प्रयोगशाळेने रेबीज असल्याचे कळवले. गृहस्थाने सुया घेतल्या म्हणून तो वाचला.

गुरुजींनी त्या पिल्लाचे लसीकरण कार्ड माझ्यापुढे ठेवले. “दीड महिन्याच्या पिल्लाले रेबीजची लस कोणी देतच नाई, साहेब. तीन महिन्यांनंतर देतात. हे कार्ड खोटं हाय.” मग म्हणाले, “एका कुत्रीची सात पिल्लं होती, दुकानदारानंच त्या गृहस्थाले सांगितलं. हे एक मेलं. बाकीची सहा कुठी गेली, ते आधी विचारा.”

मी म्हणालो, “गुरुजी, तुम्ही शाळा चालवली, मी ठाणे चालवतो.”

गुरुजी उठले. वही पिशवीत ठेवून निघून गेले. त्यांचा स्वार्थ शोधणाऱ्यांनी हे ऐकावे: त्या वर्षी त्यांच्याकडे विकायला एकही पिल्लू नव्हते.

बनावट दस्तऐवज आणि प्राण्यांशी क्रूरता, असा गुन्हा नोंदवून मी दुकानदाराला ताब्यात घेतले. माणूस उद्धट नव्हता. खुर्चीच्या काठावर बसे, प्रत्येक वाक्याला “साहेब” लावी. चौकशीत मी एकच धागा धरला होता: पिल्ले येतात कुठून? पोलिसाचे मन गुन्ह्याच्या उगमाकडे धावते. आम्हाला शिकवलेलेच तसे असते.

“माल बाहेरून येते, साहेब.”

“बाहेरून म्हणजे कुठून?”

“आता माणूस आणून देते, मी ठेवतो.”

कोठडीची मुदत वाढवून घेतली. सातव्या दिवशी तो फुटला. कोरपन्याच्या बाजूला एका पडीक गोदामात एकोणीस माद्या कोंडलेल्या निघाल्या. काहींना उभेही राहता येत नव्हते. पंचनामा झाला, पशुवैद्यकीय अधिकारी आले, छायाचित्रे निघाली. त्या छायाचित्रांत मी मध्यभागी आहे. वरिष्ठांनी फोनवर शाबासकी दिली आणि ती मी आनंदाने घेतली.

पहिल्या भेटीनंतर नवव्या दिवशी गुरुजी पुन्हा आले. “साहेब, पिल्लं कुठी गेली ते समजलं काय?”

मी दुकानदाराला बोलावले आणि विचारले. दहा मिनिटे लागली. दुकानात नोंदवही नव्हती, पण गिऱ्हाइके त्याला लख्ख आठवत होती. बल्लारपूरचा रेल्वेवाला, मूलचे कापडवाले, शहरातीलच तीन घरे.

“आणि सातवं?”

“चामोर्शीकडच्या एक बाई होत्या. पोरगी इथी नर्सिंगले हाय त्यायची. पोरीले होस्टेलवर सोडाले आल्या, घर खाली झालं म्हणे, म्हणून पिल्लू घेऊन गेल्या.”

“हे आधी काऊन नाही सांगितलं?”

तो गोंधळला. “तुम्ही इचारलंच कुठी, साहेब? तुम्ही तर रोज एकच इचारून राह्यले, माल कुठून आणला.”

त्याच दिवशी पाचही घरी माणसे धावली आणि सगळ्यांना सुया सुरू झाल्या. आजतागायत ती पाचही घरे सुखरूप आहेत. चामोर्शीकडे मी स्वतः गेलो. घराला कुलूप होते. शेजारीण म्हणाली, “बाईले गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. कालपासून पानी पाहूनच घाबरते.”

मग विचारण्यासारखे काही उरले नाही. रुग्णालयातील त्या खोलीत पंखा बंद ठेवला होता, कारण वाऱ्याच्या झुळकीनेही बाईंचा गळा आवळत होता. मुलगी बाहेरच्या बाकावर बसली होती. पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी, मांडीवर तसेच लसीकरण कार्ड. पिल्लू आजारी पडले तेव्हा आई त्याच्या तोंडात औषध घालत होती, बोटाला दात लागला. आईने फोन केला होता.

“मीच म्हणलं, साहेब, आई, कार्डावर लस झाली म्हणून लिहून हाय, घाबरू नको. मी शिकून राह्यली ना नर्सिंग. मीच म्हणलं.”

डॉक्टरांना मी बाजूला घेऊन विचारले, नऊ दिवस आधी कळले असते तर? ते म्हणाले, “आता ते विचारू नका.” दुसऱ्या दिवशी बाई गेल्या.

दोषारोपपत्र मी दाखल केले. दुकानदार जामिनावर सुटला. निवृत्तीनंतर एकदा त्या रस्त्याने गेलो, तर पुढच्या गल्लीत वेगळ्या पाटीखाली तेच दुकान, काच पुसून लख्ख, आत पिल्ले. लोक लहान मुलांना कडेवर घेऊन पाहत होते. आई कुठे आहे, असे कोणी विचारत नव्हते. गुरुजींनी त्यांच्या कुत्रीचे ऑपरेशन करून घेतले आणि वही बंद केली. चार लोकांनी त्यांना तोंडावर ‘धंदेवाला’ म्हटले होते.

या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच: धोक्याची वस्तू हाती लागली तर ती कुठून आली याआधी ती कुणाच्या घरी गेली हे विचारावे. एका शिक्षकाला ते ठाऊक होते. मी ते ऐकून घेतले नाही.

आणि एक दुरुस्ती. इतरांची कथने खोडून काढायची तर आधी माझे खोडले पाहिजे. बाकावरून उठताना त्या मुलीने मला विचारले होते, “साहेब, तुमाले हे कधी समजलं?” मी म्हणालो, “आजच, बाई.”

ते खोटे होते. स्टेशन डायरीत गुरुजींची पहिली नोंद आहे. ती त्या दिवसाच्या नऊ दिवस आधीची आहे.