धाकटीच्या पोटात काय जात होतं

लढाई सुरू झाली आणि बाबांच्या कारखान्यात कामाला उसंत राहिली नाही. फौजी ट्रकांच्या बॅटऱ्या तिथे दुरुस्तीला यायच्या. जुन्या फोडून, त्यांतलं शिसं वितळवून नव्या पट्ट्या ओतायचं काम बाबांकडे होतं. संध्याकाळी ते राखाडी होऊन घरी येत. माझी दीड वर्षाची बहीण दारातच त्यांच्या गळ्यात पडायची आणि शर्टाची कॉलर चोखत बसायची. आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं.

त्याच सुमारास ती आजारी पडली. पोट आवळून रडायची, खाल्लेलं ओकायची, शौचाला होत नसे. नुकती चालायला लागलेली मुलगी पुन्हा बसून राहू लागली.

आईचा संशय काकूवर गेला. काका आघाडीवर होते, म्हणून काकू आमच्याकडे राहायची. तिला मूल नव्हतं.

"तिच्या हातचं खाल्लं की पोरीचं पोट दुखते," आई बाबांना म्हणाली.

"काहीही काय बोलून राहिली?" बाबा चिडले.

पण आईने दुधाचं पातेलं कपाटात कुलूप लावून ठेवलं. मला बजावलं, काकू बाळाजवळ गेली की तिथेच थांबायचं. मग मीही पाळत ठेवू लागले. काकूने पदराची गाठ सोडली तरी मला शंका यायची. गाठीत बडीशेप निघायची, तरी शंका जायची नाही.

आई धाकटीला घेऊन पनागरला मामाकडे गेली. तिथे ती हळूहळू पोळी मागू लागली, अंगणात फिरू लागली. आईची खात्रीच पटली. परत आल्यावर दुखणं पुन्हा सुरू झालं, तेव्हा तिने काकूला स्वयंपाकघरात येणंच बंद केलं. तरीही धाकटीला उतार पडेना.

शेवटी काकूच म्हणाली, "वहिनी, माझ्यावर संशय घ्यायचा तर घ्या. पण पोरीला सदर भागातल्या डॉक्टरांना दाखवून या. काहून थांबून राहिल्या?"

आम्ही सगळेच गेलो. डॉक्टर फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी खाण्यापिण्याचं विचारलं. उत्तर देताना आई काकूकडे बघत होती. मग ते बाबांकडे वळले. "आप क्या काम करते हैं?"

बाबांनी सांगितलं. डॉक्टरांनी त्यांनाच तोंड उघडायला लावलं. हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ होती.

"पेट आपका भी दुखता होगा?"

"जी," बाबा हळूच म्हणाले. आम्हाला हे ठाऊकच नव्हतं.

"सीसा आप ही घर ला रहे हैं. कपड़ों पर, बालों में."

पुढे दोघांच्या रक्ताच्या तपासणीतही शिसंच निघालं.

त्यानंतर बाबा कारखान्यातच अंघोळ करून, कपडे बदलून घरी येऊ लागले. बूट बाहेर राहिले. त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत धुतले जात, आणि झाडूने धूळ उडवण्याऐवजी आई फरशी ओल्या फडक्याने पुसायची. तिचा विश्वास मात्र बसत नसे. दारातच ती बाबांची नखं आणि कानामागची जागा तपासायची, मगच बाळ हातात द्यायची. लढाई संपल्यावर बाबांनी तिथलं काम सोडलं. धाकटी सावरली, बोलायला मात्र फार उशिरा लागली.

आईने काकूची माफी मागितली. "तुमच्या जागी मी असती तर मीही हेच केलं असतं," काकू म्हणाली. काका परतल्यावर दोघं शहरातच, राइट टाउनला राहायला गेली. काकू सणावाराला येत राहिली. धाकटीला मांडीवर घ्यायची, वेणी घालून द्यायची. पण तिला आपल्या हाताने कधी काही भरवलं नाही.