जुन्या फाटकापाशी थांबणारी बाई

मुलांनो, आपल्या यवतमाळची छोटी रेल्वे कधीच बंद पडली. तरी जुन्या फाटकापाशी शेळ्या चारणारी एक बाई रोज थांबते. शेळ्याही थांबतात. दोन्हीकडे बघून मगच ती पुढे होते.

परवा मी हसून म्हणाले, "अहो, गाडी कुठे येते आता?" आणि तशीच निघाले. तिनं दंड धरून मला मागे ओढलं. रुळांवर लांबपर्यंत माती टाकून लोकांनी वाहनांची वाट केली आहे. तिथून, बाभळीआडून, कापसाचा ट्रॅक्टर धडधडत गेला.

"माय, गाडी बंद झाली, वाट थोडी बंद झाली? माह्या शेळ्यायले समजते अन् तुमाले नाई?"

तिचं नाव मला ठाऊक नाही. दिवाळीत तुम्हाला आजी भेटेल, ती मात्र तिच्यामुळे.

आता मीही शेळ्यांबरोबर निमूट उभी राहते. तिनं मान हलवली, की आम्ही सगळ्या निघतो.