चाड्यावरची मूठ

माझी शाळा दुसरीतच सुटली. लिहिताना हात अडतो, पण जे सांगायचं ते तोंडावर सांगायचं ही माझी जुनी खोड आहे, ती कागदापुढं बदलायची नाही. गावात मला कडू म्हणतात. म्हणोत. परवा घरच्या लग्नाच्या बैठकीत एक पाहुणे म्हणाले, "तुमचं सगळं बेस जमलं बघा, जीभ तेवढी आवरा." मी म्हणलं, "जमलं ते तिच्यामुळंच." ते हसले. म्हातारा गंमत करतोय असं त्यांना वाटलं. मी गंमत करत नव्हतो.

स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती तेव्हाचं हे आहे. बारामतीकडं पाटाच्या पाण्यावर ऊस उभा राहायचा. आमची वस्ती इंदापूर तालुक्यात, निरवांगीच्या बाजूला, आणि तीही पाटाच्या वरच्या अंगाला. पाणी काही वर चढत नव्हतं. आमचं सगळं आभाळावर. हस्ताचा पाऊस पडून गेला, जमिनीला वाफसा आला, की शाळू पेरायचा. ती ओल चार दिवस टिकते. तेवढ्यात पेरणी उरकली तर वर्ष निघालं.

आमच्या दावणीला एकच बैल. शेजारच्या वस्तीवर तात्या राहायचा, त्याच्याकडंही एकच. म्हणून दोन्ही घरांची सावड होती. त्याचा बैल आणि आमचा बैल एका जुवाखाली. आधी आमचं रान पेरायचं, कारण ते मुरमाड, लवकर सुकणारं. मग तात्याचं. तो माझ्या बापाहून थोडा मोठा, तरी दोघं एकमेकांना गड्याच म्हणायचे. त्याची बायको लवकर गेली होती, मुलगा बारामतीला गुळाच्या अडतीवर हमाली करायचा, घरात सून. तात्याचं सगळं सुख म्हणजे आमची सावड आणि त्याची मूठ.

मूठ म्हणजे काय ते सांगतो, आता पोरांनी पाहिलेली नाही. पेरायच्या पाभरीवर एक लाकडी वाटी असते, तिला चाडं म्हणतात. चाड्यातून नळ्या निघून खाली जमिनीत जातात. बैल चालत असतात आणि माणूस मागून चालत मुठीतलं बी बोटांतून चाड्यात सोडत असतो. हात जड पडला तर दाट, हलका पडला तर विरळ, आणि मधेच अडला तर ओळीत मोकळी जागा राहते. तिला आम्ही नांगी म्हणतो. पेरणाऱ्याची चूक झाकून राहत नाही. शाळू कापेपर्यंत ती रानात उभी असते आणि येणारा जाणारा बघून जातो.

तात्याच्या मुठीला नांगी नाही, असं आसपासची गावं म्हणायची. पेरणीच्या दिवसांत त्याला बोलावणी यायची. पाभरीला हळदकुंकू लावून नारळ फोडला की खोबऱ्याचा पहिला तुकडा त्याच्या हातावर. ओटीत बी बांधून तो चाड्यावर उभा राहिला की माझा बाप बैल हाकायचा. बांधाला पोचलं की तात्या विचारायचा, "कसं पडतंय गड्या?" बाप मागं वळूनही न बघता म्हणायचा, "झ्याक!"

एका साली तात्याचा हात थरथरायला लागला.

मी तेव्हा लग्न झालेला गडी होतो, मागून ढेकळं फोडत चाललो होतो. मला दिसत होतं. मूठ चाड्यावर जाताना हलायची, बी बाहेर सांडायचं, मग तो हात आखडता घ्यायचा. बांधावर त्यानं विचारलं, "कसं पडतंय गड्या?" माझ्या बापानं त्या वेळी मागं वळून पाहिलं. तात्याच्या हाताकडं पाहिलं. आणि म्हणाला, "झ्याक!"

संध्याकाळी मी म्हणलं, "आबा, तात्याचा हात गेला. उद्या त्याच्या रानात मूठ मी धरतो. सांगा त्याला."

"तू गप."

"आवो पण नांग्या पडत्याल."

"पडू दे. त्या माणसाकडं दुसरं हाय काय? सांगितलं तर मोडंल त्यो."

माझा बाप मऊ माणूस. तो जन्मात कुणाला टाकून बोलला नाही, म्हणून त्याला कुणी वैरी नव्हता. पाहुण्यारावळ्यांत त्याचा शब्द चालायचा तो या मऊपणामुळं. हे मी नाकारत नाही. पण मऊपणाला कुठं थांबायचं ते कळत नाही, हे मी त्या साली बघितलं.

उगवण दिसायच्या आत बापानं तात्याला बारामतीच्या बाजाराला नेलं, बैल बघायला म्हणून. बैल घ्यायचाच नव्हता. तिथनं पुढं सुप्याला, तात्याच्या बहिणीकडं मुक्काम. एवढी पायपीट कशासाठी, तर मागं आई, मी आणि माझी मालकीण खुरपी घेऊन रानात बसलो होतो. जिथं नांगी तिथं टोकायचं, म्हणजे खुरप्यानं भोक पाडायचं, दोन दाणे टाकायचे, माती दाबायची. तिकडं तात्याच्या रानात त्याची सूनही तेच करत होती. तिला माझ्या आईनं सांगितलं होतं. तात्या परत आला तेव्हा रोपं थोडी लहानमोठी दिसली. बाप म्हणाला, "पाखरांनी येचलं असंल, मागनं उगावलं." तात्यानं मान हलवली. शाळू चांगला आला. हुरड्याला बसलो तेव्हा तात्या खुशीत होता. बाप माझ्याकडं बघून हसला. बघ, काही बिघडलं का, असं ते हसणं होतं. मी हसलो नाही.

पुढच्या साली गावातल्या किराणा दुकानवाल्या भाईनं तात्याला बोलावलं. भाई मुसलमान, साऱ्या गावाचा. त्याचं एक रान बाजाराच्या वाटेला लागून होतं. आधी ते वाट्यानं दिलेलं होतं, त्या साली त्यानं परत घेतलं आणि म्हणाला, "बिसमिल्ला तात्याच्या मुठीनं करायचा." तात्यानं पटका नवा बांधला.

मी बापाला म्हणलं, "आता तरी सांगा. ते रान आपलं न्हाय. तितं कोण टोकायला जाणार? सारा बाजार त्या वाटंनं जातो."

"भाईचा मान हाय, त्याला न्हाय कसं म्हणायचं?"

"मग मी सांगतो."

"माझ्या जित्तेपणी न्हाय," बाप म्हणाला. इतका कडक तो पहिल्यांदाच बोलला. बापाचा शब्द मोडायची आमच्यात रीत नव्हती. मी गप बसलो.

आठवड्यानं भाईच्या रानात उगवण दिसली. म्हाताऱ्याच्या तोंडात दात असावेत तशी. बाजाराचा दिवस. माणसं थांबून बघत होती आणि तात्या बांधावर उभा.

"तात्या, मधल्या जागंत भुईमूग घालायचा हाय व्हय?"

"न्हाय रं, पावण्यांना बसायला जागा ठेवलीया!"

"मूठ घरी इसरून आलता जणू!"

हसणारी माणसं वाईट नव्हती. बाजाराला निघालेला माणूस हसतोच.  भाई दुकान सोडून धावत आला. तो भला माणूस, त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं, "तात्या, मनाला लावून घेऊ नगा. बीच किडकं व्हतं. माझ्याच दुकानातलं पोतं, माझी चूक."

आणि इथंच घात झाला. कारण त्याच पोत्यातलं बी तात्यानं आधी आमच्या रानात पेरलेलं होतं, हे त्याला ठाऊक होतं, आणि तिथल्या नांग्या आम्ही त्या सालीही गुपचूप टोकल्या होत्या.

तो तिथनं सरळ आमच्या रानात आला. आम्ही सगळे खुरपत होतो. कुणाशी न बोलता तो ओळीच्या कडंला उकिडवा बसला आणि रोपांवरनं बोट फिरवत पुढं सरकू लागला. पाभरीचं रोप एकटं असतं आणि ओळीत असतं. टोकलेलं जोडीनं उगवतं, एका भोकातनं दोन, आणि ओळीच्या जरासं बाजूला. ज्यानं जन्मभर पेरलं त्याला बघितलं की कळतं. मागल्या साली त्यानं बघितलं नव्हतं, कारण माझ्या बापाच्या शब्दावर त्याचा भरवसा होता.

त्यानं एक जोडी मुळासकट उपटली आणि बापापुढं धरली.

"ह्ये कुणी टोकलं?"

"पाखरांनी येचलं असंल गड्या, मग मागनं..."

"पाखरं टोकण करत्यात व्हय?"

बाप खाली बघायला लागला. आईनं तोंडाला पदर लावला. मग मी बोललो. "आमी टोकलं तात्या. मी, आई, माझी मालकीण. मागल्या सालीबी. तुमच्या रानात तुमच्या सुनंनं. तुमचा हात थरथरतोय."

तात्यानं स्वतःच्या हाताकडं पाहिलं. तेव्हाही तो हलत होता, त्यातली रोपं हलत होती. मग तो बापाला म्हणाला, "गाव हसलं त्याचं मला काय न्हाय. गाव हसणारच. पर तुला ठावं व्हतं. ठावं असून तू मला त्या वाटंवर जाऊ दिलंस."

"तुला वाईट वाटंल म्हणून. कसं सांगायचं गड्या?"

"तोंडानं," तात्या म्हणाला.

एवढंच. रोपं त्यानं फेकली नाहीत. जिथनं उपटली होती तिथं परत बसून लावली, माती दाबली आणि गेला.

बापाला वाटलं, चार दिवसांत राग उतरेल. तो दोनदा तात्याच्या वस्तीवर गेला. दोन्ही वेळा सुनेनं पाणी दिलं आणि सांगितलं की मामंजी रानात गेल्यात. मामंजी आत खाटेवर होते, बापाला खोकला ऐकू आला होता. पुढच्या पेरणीला सावड मोडणार, दुसरा बैल कुठनं आणायचा, याचा आम्हाला घोर लागला. पण वाफसा आला त्या सकाळी तात्याची सून बैल घेऊन आमच्या बांधावर उभी. "मामंजींनी धाडलाय. त्येनी सावडीला न्हाय म्हणलं न्हाय." तात्या आला नाही. बापानं बैलाच्या पाठीवरनं हात फिरवला, बराच वेळ, आणि मला म्हणाला, "मूठ धर."

मी मूठ धरली. पहिल्या बांधाला पोचल्यावर विचारलं, "आबा, कसं पडतंय?"

"झ्याक!"

मला माहीत होतं, झ्याक नव्हतं. माझा हात जड पडत होता. पण ते मला सांगणारा तिथं कुणी नव्हता. समोर, त्याच्या बांधावर तात्या उभा होता, आमच्याकडं पाठ करून. मी चाडं सोडलं आणि ओटीतलं बी सांभाळत त्याच्याकडं गेलो.

"तात्या, माझी मूठ कशी पडती?"

"बापाला इचार."

"त्यो झ्याकच म्हणणार."

तात्या वळला. कितीतरी महिन्यांनी मी त्याचा चेहरा नीट बघितला. तो म्हणाला, "जड पडती. रान भरून जाईल पर कणसाला जोर न्हाय धरायचा. आंगठा सैल सोड. बैल हाकणाऱ्याच्या पायाकडं बघू नगंस, बैलाच्या पायाकडं बघ."

तेव्हापासून दर पेरणीला मी त्याच्या बांधावर जायचो. जे चुकलं ते तो तोंडावर सांगायचा. कधी कधी शिवी घालून. मला राग यायचा, मी पण ताठ माणूस, एकदा तर बी तिथंच ओतून निघालो होतो. पण परत गेलो, कारण खरं सांगणारा तेवढाच होता. पुढं मला बोलावणी यायला लागली. आज माझं जे काही बरं झालं, माणसं जोडली गेली, सोयरीक टिकली, ते मी याच माणसाच्या रीतीनं वागलो म्हणून. दुखणारं असंल तर लवकर सांगावं आणि जवळच्यानं सांगावं. उशीर झाला की तेच दुसरा सांगतो, हसून.

पण बाप आणि तात्या पुन्हा एका बांधावर बसले नाहीत. बैल यायचा, जायचा. तात्याचं रान पेरायची पाळी आली की बाप बैल हाकायचा, मी मूठ धरायचो आणि तात्या घरात जाऊन बसायचा. एकाच जुवाखाली दोघांचे बैल चालत होते आणि हे दोघं बोलत नव्हते. त्यातच एका उन्हाळ्यात तात्या गेला.

त्याच्या आदल्या पेरणीचं आठवतं. मी त्याच्या बांधावरनं परत आलो. बाप बैल धरून उभा होता. दर साली विचारायचा तसं त्यानं विचारलं, "काय म्हणला?"

"हात आता बसला म्हणला."

"आन?"

"आन काय न्हाय."

बापानं बैलाची दोरी या हातातनं त्या हातात घेतली. "माझं काय इचारलं?"

माझी मालकीण मला अजून म्हणते, एकदा खोटं बोलायला तुमचं काय जात होतं? व्हय, इचारलं, असं म्हणायचं होतं. म्हातारा माणूस, दिवसभर खुशीत बैल हाकला असता. तिचं मला कळतं. पण ज्या गोष्टीनं ते दोघं तुटले तीच मी त्याच्या तोंडावर करायची?

"न्हाय आबा," मी म्हणलं. "न्हाय इचारलं."

बापानं मान हलवली. "बरं केलंस सांगितलंस," असं म्हणाला, आणि बैलांपुढं जाऊन उभा राहिला. बराच वेळ त्यानं बैल हाकलेच नाहीत. मी चाड्यावर मूठ धरून मागं थांबलो.