नेलपॉलिश न लागलेला कोपरा

हे मी परवापर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही — आणि माझ्या पोटात काही राहत नाही, अशी तिची पक्की खात्री आहे.

तेव्हा मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात संशोधन करत होतो. आपल्या पेशींत प्रथिनांच्या इवल्या मोटारी असतात. बारीक तंतूंवरून चालत त्या ओझी वाहतात. हे तंतू आणि मोटारी काचेच्या स्लाइडवर एकत्र सोडल्या, की ओढाताण करता करता त्या आपोआप नक्षी मांडतात. मुकादम नाही, नकाशा नाही — कोणाला भुरळ पडणार नाही? मला पडली. पण माझ्या स्लाइडवर कायम नुसता गुंता.

मग एका उन्हाळ्यात — आमचा उन्हाळा तुम्ही ऐकून असालच — तंतूंच्या सरळ, समांतर ओळी दिसल्या. सरांनी पाठ थोपटली. मी कॉलर ताठ करून सगळ्यांना फोटो दाखवले. नंतर स्लाइड उचलून तिच्या कडा पाहिल्या. काचेच्या कडा नेलपॉलिशने बंद करायच्या असतात. एक कोपरा मी विसरलो होतो. कूलरचा वारा नेमका त्याच कोपऱ्यावर. तिथून पाणी सुकत होतं, आतलं पाणी तिकडे ओढलं जात होतं, आणि तंतू धानाच्या बांधीतल्या वाहत्या पाण्यातल्या तणसाच्या काड्यांसारखे एका दिशेला झाले होते. मोटारींनी काहीच केलं नव्हतं.

तेव्हाच सांगितलं असतं तर? दोन दिवस हसले असते लोक. मी स्लाइड धुऊन टाकली.

इथवर नुसता खोटेपणा झाला. पुढचं सांगताना जीभ जड होते. शबाना — गडचांदूरची, माझ्यामागून आलेली — तिला सरांनी तोच प्रयोग पुन्हा करायला दिला. ती कडा नीट बंद करायची. त्यामुळे ओळी यायच्या नाहीत. छोटे छोटे तारे यायचे, मधे मोटारींचा पुंजका आणि भोवती तंतू. पाहताक्षणी मी ओळखलं — खरी नक्षी हीच.

"मले काऊन जमून नाई राह्यलं, भाऊ?" ती विचारायची.

आणि मी? मी म्हणायचो, हात बसला नाही अजून, टाकून दे हे तारे. तिने टाकले. शेवटी संशोधनच सोडलं. ती गेली तेव्हा मला हायसं वाटलं — हे सगळ्यांत वाईट.

परवा आरमोरीहून, मी आता इथेच असतो, आधी सरांना फोन केला, मग तिला. कोपरा, कूलर, तारे, सगळं सांगितलं. तिने आधी ताऱ्यांचंच विचारलं.

"म्हंजे माहे तारे बरोबर होते?"

"हो."

"आन् तुमाले मालूम होतं."

"होतं."

तिने फोन ठेवला. मी माफी मागितली नाही; माफ करण्याचं ओझं तिच्यावर आणखी कशाला? मला मोकळं वाटतंय, फार मोकळं — खोटं कशाला बोलू. तिला कसं वाटत असेल, मला माहीत नाही.