न करण्याचं पान

दामलेकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलमधून नुकती घरी येऊन बूट काढत होते. फोनवर मालतीकाकू होत्या, आवाज अगदी रोजचा. "सुनंदा, हे गेले गं. सकाळचा चहा घेतला, खिडकीतून बर्फ किती पडलाय ते बघितलं, खुर्चीत बसले... ते बसलेच." मी म्हटलं, "काकू, आम्ही लगेच निघतो." तर त्या म्हणाल्या, "लगेच नको. रस्ते मोकळे झाले की निघा. घाई केलेली त्यांना चालायची नाही." आमच्या श्रूजबरीपासून त्यांचं मिशिगनमधलं ट्रॉय सातशे मैल. माझा नवरा अविनाश गॅरेजमध्ये गेला, टायरांची हवा तपासली, डिकीत दोन ब्लँकेटं, फावडं, टॉर्च आणि चिवड्याचा डबा ठेवला. मग मात्र त्या डब्याकडे बघून त्याला रडू फुटलं, कारण ही सगळी जमवाजमव त्याला दामलेकाकांनीच शिकवली होती.

काका मूळ मिरजेचे. मिशिगनमध्ये ते आमच्या बऱ्याच आधी आले होते आणि गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. ब्रेक कशा-कशाने निकामी होतील याच्या याद्या करणं हे त्यांचं काम. दिवसभर वाईटाचा विचार करायचा आणि संध्याकाळी आनंदात घरी यायचं, असा हा माणूस! ताकही फुंकून पिणारा. भर जुलैतसुद्धा त्यांच्या डिकीत बर्फाचं फावडं असायचं. टोस्टर घ्यायला त्यांनी अकरा महिने लावले, तोवर काकू तव्यावर पाव भाजत होत्या. "आणि मला बघायला आले तेव्हा दहा मिनिटांत होकार!" काकू सगळ्यांना सांगायच्या. "टोस्टरपेक्षा मी बरी दिसले असेन." काका गंभीरपणे म्हणायचे, "टोस्टरला प्रश्न विचारता येत नाहीत. तुला विचारले होते."

त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी खिळ्याला एक पिवळ्या कागदांचं लांब पॅड टांगलेलं असे आणि त्याला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. पेन कधीच नाही. "माणसाला खोडता आलं पाहिजे," हे त्याचं कारण. पेन्सिलीला टोक काढायला ते काकूंची भाजी चिरायची सुरी घेत आणि काकू दर वेळी ओरडत, "अहो, त्या सुरीने मी मिरच्या चिरते!" ट्रॉयमधल्या मराठी घरांत कुणाला नोकरी बदलायची असो, घर घ्यायचं असो, नाहीतर गाशा गुंडाळून पुण्याला परत जायचं असो, तो माणूस एकदा तरी त्या टेबलाशी बसून जाई. काका कागदावर तीन रकाने आखत. काय बिघडेल? बिघडलं तर जिवाला किती लागेल? आणि बिघडतंय हे वेळेत कळेल का? त्यांचा सगळा जीव या तिसऱ्या रकान्यात. "ब्रेक झिजणारच," ते म्हणत, "झिजायलाच तर केलेला असतो. पण झिजताना तो कुरकुरला पाहिजे. जो न कुरकुरता जातो ना, तो घात करतो." सल्ला ते कधीच देत नसत. कागद फाडून हातात ठेवत आणि म्हणत, "निर्णय तुझा, कागद तुझा."

माझी पाळी आली ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. नागपूरला मी डॉक्टर झाले होते, पण लग्न होऊन ट्रॉयला आले आणि एका प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपखाली रक्ताच्या काचा तपासत बसले. परदेशी डॉक्टरांची परीक्षा दोनदा दिली, दुसऱ्यांदा पास झाले, अर्ज केले आणि मग त्याबद्दल बोलणंच सोडून दिलं. आमची मृणाल तेव्हा चार वर्षांची. आणि एक दिवस वुस्टरच्या एका हॉस्पिटलमधून पत्र आलं, रेसिडेन्सीची एक जागा अचानक रिकामी झाली आहे, आठ दिवसांत कळवा. तीन वर्षांचं शिक्षण, तेही सातशे मैल लांब. अविनाशची नोकरी ट्रॉयला, आणि मंदीच्या त्या काळात मोटारीच्या धंद्यात हातची नोकरी सोडणं म्हणजे वेडेपणाच. मृणालला बरोबर न्यावं तर मी छत्तीस-छत्तीस तास ड्यूटीवर असणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! मी अविनाशला विचारलं, तर तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." नवऱ्याचं याच्याइतकं निरुपयोगी उत्तर मी आजवर ऐकलेलं नाही.

सहाव्या दिवशी आम्ही दोघं मृणालला घेऊन काकांकडे गेलो. काकांनी पेन्सिलीला टोक काढलं, काकूंचं ओरडणं ऐकून घेतलं आणि रकाने आखले. काय बिघडेल? मी मान खाली घालून म्हटलं, "मृणाल मला विसरेल." काकांनी जसंच्या तसं लिहिलं. किती लागेल, हे त्यांनी विचारलंच नाही, नुसतं माझ्याकडे बघून दहापैकी दहा लिहिलं. मग तिसरा रकाना. "हे वेळेत कळेल का?" मी म्हटलं, "कळेल. फोनवर कळेलच." तेवढ्यात पोळ्या लाटणाऱ्या काकू हात पुसत आल्या, काकांच्या हातातली पेन्सिल ओढून घेतली आणि खाली लिहिलं, 'मी विसरू देणार नाही.' मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "दिवसा माझ्याकडे, रात्री बापाकडे. ठरलं." अविनाश म्हणाला, "काकू, तीन वर्षं आहेत यार, तीन दिवस नाहीत!" काकूंना यार म्हटल्याबद्दल तो आजही कान पकडतो.

मला वाटलं, झालं. पण काकांनी पान उलटलं आणि दुसऱ्या कोऱ्या पानावर तेच तीन रकाने आखले. "हे करण्याचं पान झालं. आता न करण्याचं. आपले लोक एवढंच विसरतात बघ. जायचं की नाही याचा हिशोब करताना फक्त जाण्याचे धोके मोजतात. जणू घरी बसून काही बिघडतच नाही!" मग त्यांनी विचारलं, "नाही गेलीस तर काय बिघडेल?" मी म्हटलं, "काही नाही... 'ती डॉक्टर होती', असं लोक म्हणायला लागतील." काकांनी लिहिलं. तिसऱ्या रकान्याशी आल्यावर त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली आणि हळूच म्हणाले, "हे कुरकुरणार नाही, सुनंदा. रोज थोडं थोडं झिजेल, आणि तुला कळणारसुद्धा नाही."

मी गेले. आणि तिसऱ्याच रविवारी मृणालने फोनवर यायला नकार दिला. मागून तिचं ठाम बोलणं ऐकू येत होतं, "आय डोन्ट वॉन्ट टू!" मी फोनवरच रडत काकांना सांगितलं की मी उद्या सोडून येते. तर काका म्हणतात काय, "छान! कुरकुरतंय. म्हणजे वेळेत कळलं. ब्रेक कुरकुरला तर ब्रेक बघायचा, गाडी टाकून द्यायची नाही." पुढच्या शुक्रवारी त्यांनी रजा टाकली आणि अविनाश, काकू, मृणाल, फावडं, ब्लँकेटं, चिवडा असं सगळं बिऱ्हाड घेऊन सातशे मैल ड्राइव्ह करत माझ्या दारात हजर! ताशी पन्नास मैलांच्या वर काटा गेला नाही, अविनाश सांगत होता, मागून ट्रकवाले हॉर्न मारून थकले. मृणाल पाच मिनिटं काकूंच्या पदराआड उभी राहिली आणि मग एकदम माझ्या मांडीवर येऊन बसली. त्यानंतर तीन वर्षं, दर सहा आठवड्यांनी ही वारी चालू होती. तीन वर्षांनी मला तिथेच नोकरी लागली, अविनाशलाही मिळाली, आणि आम्ही वुस्टरशेजारी श्रूजबरीला घर केलं. मृणालला न्यायला आलो त्या दिवशी काका गाडीचे टायर तपासत राहिले, पुन्हा पुन्हा, चारही. मला तेव्हा वाटलं, यांची सवयच ती.

काकांचे दिवस झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी खिळ्यावरचं पॅड काढलं आणि मागच्या पुठ्ठ्यात खोचलेले दोन घडी घातलेले कागद माझ्यापुढे ठेवले. "लोकांचे कागद लोकांना देऊन टाकले. हे आमचे." काकांचं बारीक अक्षर. वर लिहिलं होतं, 'मृणालला सांभाळणं.' काय बिघडेल? 'लळा लागेल. ती परत जाईल तेव्हा मालतीला सोसणार नाही. (मलाही.)' किती लागेल? दहा. वेळेत कळेल का? 'आजच कळतंय.' काका-काकूंना मूल नव्हतं, हे आम्हाला माहीत होतं. आमच्या काळजीत आम्ही त्याचा विचारच केला नव्हता. दुसरं पान न करण्याचं होतं. त्यावर एकच ओळ होती, 'सुनंदा काचाच तपासत राहील.' बाकीचे रकाने त्यांनी भरलेच नव्हते. मी पदरात तोंड लपवून रडले. काकू म्हणाल्या, "अगं, रडतेस काय! आमची तीन वर्षं किती मजेत गेली."

आता प्रश्न काकूंचा होता. आम्ही म्हणत होतो, आमच्याकडे चला. त्या म्हणत होत्या, बघू. बघू म्हणजे नाही, हे आम्हाला कळत होतं. आम्ही निघायच्या दिवशी सकाळी अकरा वर्षांची मृणाल स्वयंपाकघरात बसून पॅडवर काहीतरी लिहीत होती. देवनागरी तिला काकांनीच शिकवली, त्यामुळे तिचा ळ थेट त्यांच्यासारखा. मी डोकावून बघितलं. 'आजी आमच्याकडे येणं. काय बिघडेल? आजीला करमणार नाही. किती लागेल? दहा. वेळेत कळेल का? कळेल. मी रोज विचारीन.' तिने पान उलटलं, कोऱ्या पानावर तीन रकाने आखले आणि पॅड काकूंपुढे सरकवलं. "धिस वन इज युअर्स, आजी."

काकूंनी चष्मा लावला. मृणालचं पान दोनदा वाचलं, मग कोरं पान समोर घेतलं. दोऱ्याला बांधलेली पेन्सिल हातात घेतली, टोक बोटावर घासून पाहिलं... बोथट झालं होतं.

"मृणाल," त्या म्हणाल्या, "ती मिरच्यांची सुरी दे बघू इकडे."